बसल्या जागेवरून: दिवसा कायोटीच्या शिकारीसाठी रायफलीचा टेकू

गेल्या सहा हिवाळ्यांत मी रायफलीसाठी पाच टेकू विकत घेतले आणि एक घरी बनवला. त्यांपैकी तीन आज गॅरेजच्या फळीवर धूळ खात पडले आहेत, एक मित्राला देऊन टाकला आणि उरलेले दोन शनिवारी पहाटे गाडीत चढतात. सुरुवातीलाच सांगतो, की फळीवर गेलेल्या तिघांपैकी एकच मुळात सदोष होता. बाकीचे दोन वेगळ्या कामासाठी बनलेले होते आणि ते ओळखायला मला दोन हिवाळे लागले, कारण दुकानात टेकू हाताळताना माणूस एकच गोष्ट तपासतो, ती म्हणजे रायफल किती स्थिर राहते. कायोटी या अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या दिवसाच्या शिकारीत हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. प्राणी अपेक्षेप्रमाणे समोरून न येता भलत्याच बाजूने आला, तर नळी तिकडे किती लवकर आणि किती गुपचूप वळते, हे आधी पाहावे लागते.

मी कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उत्तरेला राहतो. माझ्या बहुतेक बैठका, म्हणजे एका जागी लपून प्राण्याची वाट पाहणे, वेल्ड काउंटीतील पॉनी नॅशनल ग्रासलँडवर किंवा त्याच्या शेजारी गुरे पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या रानात होतात. ग्रासलँडचे सरकारी क्षेत्र सुमारे १,९३,००० एकर आहे, पण ते सलग नाही. सरकारी आणि खासगी तुकडे बुद्धिबळाच्या पटासारखे एकमेकांत मिसळले आहेत, त्यामुळे फोनवर हद्दीचा नकाशा उघडा ठेवूनच चालावे लागते. गवत आखूड आहे, बऱ्याच ठिकाणी घोट्यापर्यंतही पोहोचत नाही. आडोसा म्हणजे युक्काचे टोकदार झुबके, कोरड्या ओढ्याचा काठ, कुंपणाचा कोपरा, नाहीतर गुरांच्या पाण्याच्या टाकीची सावली. एवढ्याशा आडोशात आपण, आपली रायफल आणि तिचा टेकू असे सगळे मावले पाहिजे, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात.

कायोटी हा कुत्र्याच्या कुळातला, आपल्याकडच्या कोल्ह्याहून अंगाने मोठा आणि लांडग्याहून बराच लहान. वजन साधारण २० ते ५० पौंड. मैदानी भागातले बहुतेक तिशीच्या आसपास भरतात. हिवाळ्यात अंगावर दाट फर असल्यामुळे तो भरदार दिसतो, पण फरीच्या आतला प्राणी सडपातळ असतो. ज्या जागी गोळी लागली तर तो तिथल्या तिथे कोसळेल, ती जागा जेमतेम सहा इंचांची असते. म्हणजे १०० यार्डांवर नळीची थरथर तीन इंचांची असेल तर २०० यार्डांवर ती सहा इंच होते आणि चुकीला जागाच उरत नाही. टेकूविना, नुसते कोपर गुडघ्यावर टेकवून बसल्यावर माझी थरथर यापेक्षा जास्तच असते, विशेषतः छाती धडधडत असताना. टेकू हवा तो एवढ्यासाठीच. जखमी होऊन पळालेला प्राणी ही कोणत्याही शिकाऱ्याला लाज आणणारी गोष्ट आहे.

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय आजोबांच्या गोष्टींपुरता उरला, आणि त्या गोष्टींतही मचाण, हाका आणि रात्रभरचे जागरण असे. कोलोरॅडोत कायोटीची शिकार वर्षभर खुली आहे; त्यासाठी लहान शिकारीचा किंवा फरवाल्या प्राण्यांचा परवाना लागतो, आणि १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाकडे शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे कार्ड असावे लागते. शेजारच्या वायोमिंगमध्ये कायोटी उपद्रवी प्राण्यांत मोडतो आणि त्याच्यासाठी परवानाही लागत नाही. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या वाचकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी: असल्या व्हिसावर बंदूक बाळगण्यास अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा तिच्यातला एक अपवाद आहे. त्या अपवादावर भिस्त ठेवण्यापूर्वी वकिलाला विचारलेले बरे.

आता दिवसाची बैठक कशी असते ते सांगतो, कारण टेकूची निवड त्यावरच ठरते. गाडी उतारामागे लपवून, दार न आपटता, पाव-अर्धा मैल चालत जायचे. सशाच्या किंकाळीचा आवाज काढणारा कॉलर आपल्यापासून ४०-५० यार्ड दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, ठेवायचा, म्हणजे येणाऱ्याची नजर आपल्यावर न राहता आवाजावर राहते. मग पाठीमागे काहीतरी घेऊन खाली बसायचे आणि पंधरा-वीस मिनिटे हलायचे नाही. कायोटी आला तर बहुधा पहिल्या दहा मिनिटांत येतो. पण तो सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि नाकाने खात्री करून घेऊ पाहतो. म्हणून नळी मुळातच त्या बाजूला रोखून बसावे लागते. उजव्या खांद्यावर रायफल धरणाऱ्याने डावा खांदा त्या बाजूला करून बसावे, कारण उजव्या हाताच्या माणसाला डावीकडे वळणे सोपे जाते आणि उजवीकडे वळताना कंबर आडवी येते. एवढे करूनही तो निम्म्या वेळा तिसरीकडूनच उगवतो. दिसल्यापासून गोळी झाडण्यापर्यंत हातात काही सेकंद असतात, तो थांबावा म्हणून तोंडाने एकदा ‘वुफ’ केले की आणखी दोन-तीन मिळतात, आणि या सगळ्या वेळात आपली हालचाल उघड्यावर, उन्हात, त्याच्या डोळ्यांसमोर होत असते.

रात्री हे गणित वेगळे असते. उष्णता टिपणारी दुर्बीण लावून रात्री शिकार करणारे लोक ट्रायपॉडवर रायफल चिमट्यात पकडून, उभे राहून, सबंध रान नजरेखालून घालतात. अंधारात त्यांची हालचाल कायोटीला सहज दिसत नाही. इंटरनेटवरील बहुतेक कौतुक त्या रात्रीच्या लोकांनी केलेले असते, आणि माझी पहिली मोठी खरेदी त्याच कौतुकामुळे फसली.

ती खरेदी म्हणजे चिमट्याचा ट्रायपॉड. या जातीतला सर्वांना ठाऊक असलेला नमुना म्हणजे बॉग कंपनीचा डेथग्रिप. माझा दुसऱ्या कंपनीचा होता, तिचे नाव घेत नाही. तीन पाय, वर गोल फिरणारे डोके आणि त्यावर रबर लावलेला चिमटा. रायफल त्यात आवळली की हात सोडले तरी ती जागची हलत नाही. नेमबाजीच्या मैदानावर, कागदी लक्ष्यावर, मी त्यावरून इतक्या नेटक्या गोळ्या मारल्या की स्वतःविषयी गैरसमज व्हावा. अल्युमिनियमच्या असल्या ट्रायपॉडचे वजन नऊ-दहा पौंडांपर्यंत जाते. दिवसातून सहा-सात बैठका, प्रत्येक वेळी अर्धा मैल चालणे, हातात रायफल, पाठीवर कॉलर आणि खांद्यावर हा लोखंडी वाटावा असा बोजा, यातच निम्मा उत्साह संपतो. तरीही मी तो वजनासाठी बाद केला नाही.

बाद केला तो जानेवारीतल्या एका सकाळी. कोरड्या ओढ्याच्या काठावर, युक्काला पाठ लावून बसलो होतो, ट्रायपॉडचे तीन पाय माझ्या दोन पायांभोवती पसरलेले होते आणि नळी दक्षिणेला रोखलेली होती. सातव्या की आठव्या मिनिटाला डाव्या खांद्यामागून, साठएक यार्डांवरून, कायोटी ओढ्याच्या तोंडातून वर आला. डोके फिरणारे असले तरी ते जेवढे वळते तेवढे माझे धड वळायला हवे होते, आणि धड वळायला माझा गुडघा ट्रायपॉडच्या पायाला अडत होता. चिमटा सोडून रायफल उचलावी म्हटले तर त्याची मूठ अडीच वेढे फिरवावी लागत होती. पहिला वेढा फिरला तेव्हा तो थांबला, माझ्याकडे पाहिले, आणि घाईसुद्धा न करता मागे वळून खाली उतरला. त्याच्या शेपटीचे काळे टोक गवतावरून जाताना मी पाहत राहिलो. रायफल अत्यंत स्थिर होती, फक्त दक्षिणेला.

त्याच्या उलट टोकाला आहे नळीखाली कायमचा बसवलेला आखूड बायपॉड, म्हणजे दोन पायांचा टेकू, जो पालथे पडून नेम धरणाऱ्यांसाठी असतो. हॅरिस कंपनीचा ६ ते ९ इंचांचा नमुना यात प्रसिद्ध आहे आणि टिकाऊपणात त्याला नावे ठेवायला जागा नाही. पण पालथे पडल्यावर डोळा जमिनीपासून फूटभर वर राहतो आणि त्या उंचीवरून युक्काच्या झुबक्यांपलीकडे आणि जमिनीच्या उंचवट्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. शिवाय पालथ्या माणसाला वळायचे म्हणजे सबंध देह घड्याळाच्या काट्यासारखा फिरवावा लागतो. टेकाडाच्या माथ्यावरून खालचे लांबलचक खोरे दिसत असेल तरच याचा उपयोग. माझ्याकडचा हा टेकू मी टेक्सासमधल्या मित्राला दिला आणि तो त्याच्यावर खूश आहे.

त्याच जातीतला उंच भाऊ मात्र विचार करण्यासारखा आहे. हॅरिसच्याच ‘२५सी’ नमुन्याचे पाय साडेतेरापासून सत्तावीस इंचांपर्यंत लांब होतात, वजन सव्वा पौंडाच्या आसपास, आणि तो रायफलीलाच जोडलेला असल्यामुळे हातात वेगळे काही धरावे लागत नाही. बैठक मोडून धावपळीत दुसरीकडे जायचे असेल तेव्हा हा फार मोठा फायदा आहे. मी दोन काठ्या एका कुंपणापाशी विसरून पाऊण मैल परत गेलेलो आहे, आणि जोडलेला बायपॉड विसरता येत नाही. त्याचा तोटा असा की रायफलीचे पुढचे तोंड जड होते आणि वळताना पाय जमिनीवरून फरफटत गवतात अडकतात. स्प्रिंगने मिटणाऱ्या पायांचा खटका थंड, निवांत सकाळी मला वाटतो त्यापेक्षा लांब ऐकू जातो. पाय आधीच उघडून, उंची आधीच बसवून ठेवली तर आवाजाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. काही नवे नमुने चुंबकाने क्षणात जोडता-काढता येतात, ब्रिटनच्या स्पार्टन कंपनीचा जॅव्हेलिन त्यांपैकी एक. मी तो फक्त हाताळला आहे, रानात वापरलेला नाही, म्हणून त्याविषयी मत देत नाही.

एका पायाच्या काठीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती वरखालची थरथर थांबवते, आडवी थरथर तशीच ठेवते. चालताना आधाराला ती उत्तम आहे, आणि शंभर यार्डांच्या आत, झाडीत, तेवढ्याने भागते. आमच्या उघड्या रानात भागत नाही.

मग उरते ती दोन पायांची, रायफलीपासून वेगळी असलेली, बसल्या उंचीची काठी, आणि माझ्या मते दिवसाच्या कायोटीसाठी हीच घ्यावी. ही कल्पना नवी नाही. १८७० च्या दशकात याच मैदानांवर बायसनचे, म्हणजे अमेरिकन रानगव्यांचे, कळप मारणारे लोक शार्प्स रायफल फुलीसारख्या बांधलेल्या दोन काठ्यांच्या बेचक्यात ठेवूनच बसत. त्यांच्या त्या धंद्याचा गौरव करावा असे काही नाही, पण जड रायफल दिवसभर बसून चालवण्याचा सोपा मार्ग त्यांना सापडला होता. दोन पायांमुळे वरखालची थरथर जाते आणि आडवी बरीचशी दबते. पुढेमागे होणारी डोलणी उरते, ती आपल्या खांद्याने आणि हाताने आवरायची. काठीचे पाय किंचित पुढे रोवून ती आपल्याकडे कलती ठेवायची, डाव्या हाताने बेचके आणि रायफलीचा पुढचा भाग एकाच मुठीत धरायचा आणि दस्ता खांद्यात हलकेच ओढून घ्यायचा, की दोन पाय आणि एक खांदा मिळून तिवईच तयार होते. कायोटी डावीकडून उगवला तर मूठ न सोडता सगळा जुडगा चार इंच उचलून तिकडे रोवायचा. सराव झाल्यावर हे एका श्वासात होते, आणि हालचाल गुडघ्यांच्या उंचीवरच राहते, डोक्याच्या उंचीवर येत नाही.

यात सर्वांत जास्त चुका उंचीत होतात, आणि दुकानातला माणूस याबाबत काही विचारत नाही. खोक्यावर छापलेली उंची उभ्या माणसासाठी, खुर्चीवर बसलेल्यासाठी की जमिनीवर बसलेल्यासाठी, हे आपणच पाहावे लागते. मी बैठकीच्या खोलीत, रानात जी गादी वापरतो तीच खाली घालून, जड जॅकेट आणि बूट घालून बसलो, रायफलीत गोळी नसल्याची दोनदा खात्री केली, ती भिंतीवरच्या घड्याळावर धरली आणि बायकोला शिवणाच्या टेपने जमिनीपासून रायफलीच्या पुढच्या भागापर्यंतचे अंतर मोजायला लावले. गुडघे उभे करून बसलो तेव्हा ते २८ इंच भरले, मांडी घालून बसलो तेव्हा २६. इथे आपल्या लोकांना एक फायदा आहे. माझे इथले सोबती मांडी घालून पाच मिनिटेसुद्धा बसू शकत नाहीत, त्यांचे पाय पुढे पसरलेले असतात आणि म्हणून त्यांना खुर्ची लागते. जन्मभर पंगतीला बसलेल्या माणसाला वीस मिनिटांची बैठक जड जात नाही, आणि मांडी घातलेली असली की कंबरेतून दोन्हीकडे वळता येते. उजव्या कोपराखाली मांडीवर पाठपिशवी आडवी ठेवली की मागची बाजूही टेकते. दस्त्याकडचा हा आधार मी वर्षभर दिलाच नव्हता. तो दिल्यावर २०० यार्डांवरच्या सहा इंची पत्र्यावरच्या माझ्या गोळ्या जेवढ्या सुधारल्या, तेवढ्या कोणत्याही महागड्या काठीने सुधारल्या नव्हत्या.

तेव्हा काठी अशी हवी जिची आपली बसली उंची तिच्या पल्ल्याच्या मधोमध येईल. टोकाला येऊन उपयोग नाही, कारण उतारावर बसल्यावर चार इंच कमी आणि खड्ड्यापलीकडे पाय रोवताना चार इंच जास्त लागतात. प्रायमॉस कंपनीच्या ट्रिगर स्टिक मालिकेची रचना मला यासाठी पटली. मुठीतला चाप दाबला की सगळे पाय एकदम सैल होतात, हवी ती उंची घेतली आणि चाप सोडला की पुन्हा घट्ट. एका हाताने, बसल्या जागेवरून, नजर समोर ठेवून हे करता येते. तिचा तिपाई असलेला उंच नमुना २४ ते ६२ इंचांचा आहे, म्हणजे बसल्या उंचीला तो जवळजवळ तळाशी येतो आणि सबंध लांबी उगाच वाहून न्यावी लागते. बसणाऱ्याने याच मालिकेतला आखूड, दोन पायांचा नमुना पाहावा. माझ्याकडचा चौथ्या हिवाळ्यात आहे. तीन पायांचा घ्यावा का, असा प्रश्न मला दोघातिघांनी विचारला. तिसऱ्या पायाने काठी आपली आपण उभी राहते, रायफल त्यावर ठेवून दुर्बिणीतून पाहता येते, आणि ज्यांचे हात थरथरतात त्यांनी तो जरूर घ्यावा. पण उचलून रोवताना दोन पाय कुठे आहेत हे हाताला न पाहता कळते, तिसरा पाय नेहमी काही ना काही अडवतो.

आता ज्या बारीकसारीक गोष्टी रानात कळतात त्या लिहितो. पायांची लांबी पक्की करण्याचे कुलूप कसे आहे ते हातमोजे घालून तपासावे. पीळ देऊन आवळायचे कुलूप घरात छान वाटते. उणे दहा अंश सेल्सियसला, जाड मोज्यांतून, आवळले की नाही हे कळत नाही. माझ्या एका काठीचा डावा पाय नेम धरलेला असताना इंचाइंचाने खाली बसत गेला, दुर्बिणीतले फुलीचे चिन्ह कायोटीच्या खांद्यावरून त्याच्या पायांकडे सरकू लागले, आणि मला वाटत राहिले की मीच थकलो आहे. कुलपात बारीक धूळ गेली होती. साफ केल्यावर ती महिनाभर नीट चालली, मग पुन्हा तेच. फळीवरचा सदोष टेकू तो हाच.

बेचक्यावर मऊ रबर किंवा फोम हवाच, आणि ते फिरणारे हवे. रायफलीचा पुढचा भाग बेचक्यात ठेवायचा, नळी नव्हे. नळी टेकवली तर गोळी दुसरीकडे जाते, आणि कडक पृष्ठभागावर ठेवलेली रायफल झाडताना वर उसळते. आणखी एक फसवणूक उघड्या मैदानात नेहमी होते. दुर्बीण नळीच्या दीड-दोन इंच वर असते, त्यामुळे दुर्बिणीतून समोरचे सगळे मोकळे दिसते आणि नळीच्या तोंडासमोर मात्र युक्काचे पाते किंवा मातीचा उंचवटा असू शकतो. बेचके दोन इंच वर घेतले की प्रश्न मिटतो, म्हणून उंची पटकन बदलता येणे ही नुसती सोय नाही, ती सुरक्षिततेची बाब आहे. कायोटीच्या मागे काय आहे हे पाहणेही तितकेच आवश्यक. सपाट रानात चुकलेली गोळी कुठे थांबेल ते सांगता येत नाही, म्हणून शक्य असेल तिथे थोड्या उंचावर बसून खाली नेम धरावा, म्हणजे मागे जमीन येते.

आवाज आणि चमक यांचा विचार रात्रीच्या शिकाऱ्याला तितकासा करावा लागत नाही, दिवसाच्या शिकाऱ्याला करावाच लागतो. काठीचा पोकळ अल्युमिनियमचा पाय कुंपणाच्या तारेला लागला की मंदिरातल्या घंटेची आठवण होते. मी दोन्ही पायांना वरपासून खालपर्यंत खडबडीत कापडी चिकटपट्टी गुंडाळली आहे. आवाज गेला, हाताला गारठा लागणे कमी झाले आणि काळ्या रंगाची उन्हातली चकाकीही गेली. खालच्या टोकांचा प्रश्न ऋतूवर आहे: गोठलेल्या जमिनीवर रबरी टोके घसरतात आणि अणकुचीदार टोके रुततात, ताज्या बर्फात दोन्ही खोल जातात. टोके बदलता येणारा नमुना मिळाला तर घ्यावा.

किमतीचे सांगायचे तर चांगली दोन पायांची काठी किंवा रायफलीला जोडायचा उंच बायपॉड शंभर ते दीडशे डॉलरच्या घरात मिळतो, चिमट्याचे ट्रायपॉड त्याहून वर जातात आणि कार्बन फायबर म्हटले की आकडा आणखी वाढतो. चालणे कमी आणि बैठका दोन-तीनच असतील तर कार्बनवर पैसे घालवू नयेत.

आता घरी बनवलेला सहावा टेकू. लाकडी सामानाच्या दुकानातून पाऊण इंच जाडीच्या दोन गोल काठ्या, प्रत्येकी ३६ इंच, आणल्या. वरून सहा इंचांवर भोक पाडून त्यांत बोल्ट घातला, वर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवले आणि खाली टोके तासून घेतली. खर्च पंधरा डॉलरच्या आत. काठ्या जास्त पसरल्या की बेचके खाली जाते, जवळ आणल्या की वर येते. उंची बदलण्याचे दुसरे कोणतेही साधन नाही आणि लागतही नाही. लाकूड वाजत नाही, चमकत नाही, थंडीत हाताला चिकटत नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाने या काठ्या गाडीत पाहिल्या आणि विचारले, “दादा, हे मंडपाचे दांडे कशाला घेतलेस बरोबर?” त्याच दिवशी दुपारी, टाकीच्या सावलीत तो माझ्या मागे श्वास रोखून बसलेला असताना, ११० यार्डांवर उजवीकडून आलेला कायोटी मी याच दांड्यांवरून टिपला. उजवी बाजू ही माझी अवघड बाजू, आणि त्या वळणात दोन काठ्या उचलून रोवताना गवत खसखसल्याखेरीज काही ऐकू आले नाही. मावसभावाने परत जाताना दांडे स्वतःच्या खांद्यावर घेतले.

या दांड्यांची मर्यादा म्हणजे ते दुमडत नाहीत आणि तीव्र उतारावर दोन पायांची लांबी वेगवेगळी ठेवता येत नाही. म्हणून ओढ्याकाठच्या बैठकांना मी चापाची काठी नेतो आणि सपाट रानात दांडे. ज्याला ही शिकार आवडेल की नाही याचीच अजून खात्री नाही, त्याने पहिल्या हिवाळ्यात पंधरा डॉलरचे दांडे करावेत, बसली उंची टेपने मोजून घ्यावी आणि उरलेले पैसे मैदानावर बसून सराव करण्याच्या गोळ्यांवर खर्च करावेत; तोही बाकावरून नको, जमिनीवर मांडी घालून, आणि दर गोळीला बाजू बदलून.